यंत्रे घडवणारे यंत्र कोणाच्या हाती?

१९७८ साली आयबीएमने भारतातील आपला कारभार आवरला, ही घटना आपल्या चळवळीत आजही अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परकीय कंपन्यांनी आपला भांडवली हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा, असा आग्रह जनता सरकारने धरला. साथी जॉर्ज फर्नांडिस त्या वेळी उद्योगमंत्री होते. कोकाकोलाने १९७७ मध्ये आणि आयबीएमने पुढच्या वर्षी देश सोडणे पसंत केले. आयबीएमची मागे राहिलेली यंत्रे चालू ठेवण्याचे काम कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने अंगावर घेतले व ते निभावून नेले. परकीय कंपनी गेली तर देशाचा गाडा अडेल, ही भीती निराधार ठरली.

या इतिहासातील एक बाजू मात्र सहसा चर्चेत येत नाही. कोकाकोलाच्या बाबतीत भांडवलाच्या हिश्श्याबरोबर पेयाच्या गुप्त सूत्राचाही प्रश्न निघाला होता. संगणकाच्या बाबतीत सारा भर टक्केवारीवर राहिला. संगणक ज्या आज्ञावलीवर चालतो ती माणसाला वाचता येईल अशा मूळ रूपात, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात त्या रूपात, आपल्या हाती आहे काय, हा प्रश्न तेव्हा निकडीचा वाटला नाही. तसे वाटण्याचे कारणही नव्हते. त्या काळी आयबीएम आपल्या बऱ्याचशा आज्ञावल्यांचा सोर्स कोड गिऱ्हाइकांना देत असे. १९८३ साली तिने धोरण बदलले आणि यापुढे केवळ यंत्राला कळणारे रूप मिळेल असे जाहीर केले. भांडवल कोणाचे या प्रश्नाशेजारी ज्ञान कोणापाशी हा प्रश्न येऊन बसला तो त्या सुमारास. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात तो आज कारखान्याच्या प्रत्येक खात्यात उभा आहे. आपल्या गेटसभांत मात्र त्याचा उच्चार होत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय कंपायलर हा आहे. शब्द तांत्रिक आहे म्हणून कार्यकर्त्यांनी पान उलटू नये. भोसरीतील एखाद्या कारखान्याची टूलरूम ज्याने पाहिली आहे त्याला यातले मर्म इंजिनिअरइतकेच चांगले समजेल. चिपला फक्त शून्य आणि एक यांच्या ओळी कळतात. माणूस सी किंवा तत्सम भाषेत लिहितो. दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. आयबीएममध्येच जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला, आणि संगणकासाठी लिहिणे हे मूठभर तज्ज्ञांच्या बाहेर गेले. हे रूपांतर उलट दिशेने करणे अतिशय कष्टाचे असते. फाउंड्रीतून कास्टिंग हाती आले म्हणून पॅटर्न हाती येत नाही, तसेच हे. यंत्रात बसवलेल्या अंकांवरून मूळ लिखाण, त्यातील नावे, टिपा, लिहिणाऱ्याचे हेतू परत मिळत नाहीत.

आता खुबी अशी की कंपायलर हीदेखील एक आज्ञावलीच आहे, आणि तिचेही रूपांतर कोणीतरी करावे लागते. लेथचे भाग लेथवरच कातले जातात, त्यातला हा प्रकार. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त आज्ञावल्यांचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ साली जीसीसी हा कंपायलर सोर्स कोडसह जगापुढे ठेवला. कोणालाही तो घेता येतो, वाचता येतो, बदलता येतो आणि स्वतःच्या यंत्रावर मुळापासून बांधता येतो. हे बांधणे म्हणजे काय याची कल्पना यावी म्हणून प्रस्तुत लेखकाने निवृत्तीनंतर निगडीच्या घरातील जुन्या संगणकावर ते करून पाहिले. सोर्स कोड उतरवून घ्यायचा. त्याबरोबर जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या आकडेमोडीच्या तीन लायब्रऱ्याही लागतात. सोर्स कोडच्या बाहेर एक रिकामा फोल्डर करून तेथून 'कॉन्फिगर' ही आज्ञा द्यायची. ती आपल्या संगणकाची झडती घेते आणि एखादी लायब्ररी नसेल तर तेथेच थांबते. तयार होणारा कंपायलर कोठे बसवायचा ती जागाही याच वेळी सांगायची. ती निराळी ठेवावी, म्हणजे संगणकावर आधीपासून असलेल्या कंपायलरला धक्का लागत नाही. मग 'मेक' म्हटले की खरे काम सुरू होते.

ते काम तीन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत संगणकावरचा जुना कंपायलर नव्याला बांधतो. दुसऱ्या फेरीत हा नवा कंपायलर त्याच सोर्स कोडवरून स्वतःलाच पुन्हा बांधतो, आणि तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फेरीतला कंपायलर तेच काम परत करतो. शेवटी दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतील फलिते अंकाला अंक लावून ताडून पाहिली जातात. फरक निघाला तर काम तेथेच बंद पडते. फरक नसेल तर 'मेक इन्स्टॉल' म्हणून कंपायलर जागेवर बसवायचा. रात्री दहाला सुरू केलेले काम पहाटेपर्यंत चालले होते. ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना ताळेबंद आणि लेखापरीक्षण शिकवले त्याला त्या तिसऱ्या फेरीचे विशेष कौतुक वाटले, हे येथे नमूद करावयास हरकत नाही. उत्पादनाचे साधन स्वतःचीच तपासणी करून घेते आणि पडताळणी पुरी झाल्याखेरीज कामावर रुजू होत नाही, असे दृश्य आपल्या सहकारी साखर कारखान्यांतही विरळाच.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर कंपायलर हे यंत्र बनवणारे यंत्र आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा करताना प्रा. महालनोबीस यांनी हाच मुद्दा पायाभूत मानला होता. उपभोग्य वस्तू बनवणाऱ्या यंत्रांपेक्षा ती यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांत आज गुंतवणूक केली तर उद्याचा विकासाचा वेग आपल्या हाती राहील, हे त्यामागील गणित. त्या धोरणावर समाजवाद्यांचे आक्षेप होते आणि ते क्षुल्लक नव्हते. अवजड उद्योगांना प्रचंड भांडवल लागते, फळ यायला वर्षे जातात, शेती आणि लहान कारागीर मागे पडतात, सत्ता दिल्लीतील नियोजनकारांच्या हाती एकवटते. डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात छोट्या यंत्रांच्या तंत्रविद्येचा जो आग्रह धरला, तो याच चिंतेतून. हा वाद आपल्यापैकी अनेकांच्या तरुणपणी शिबिरांतून रंगत असे, व बहुधा मध्यरात्र उलटली तरी मिटत नसे. जननी-यंत्र हवे तर ते अवजडच असणार आणि यंत्र लहान हवे तर ते परावलंबी राहणार, असा पेच दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेला होता.

कंपायलरच्या बाबतीत हा पेच सुटलेला आहे. ते जननी-यंत्र आहे, आणि तरी घरातील टेबलावर मावते. त्याची दुसरी प्रत काढायला जवळजवळ खर्च नाही. त्याला कोळशाची खाण नको, धरण नको, परकीय चलन नको. त्याला लागते ते शिकलेले माणूस आणि सोर्स कोड. महालनोबीस आणि लोहिया यांच्या मागण्या एकाच वस्तूत पुऱ्या होण्याचा असा योग आपल्या आर्थिक इतिहासात दुसरा दाखवता येणार नाही, आणि आपल्या चळवळीने त्याची दखलही घेतलेली नाही.

हे कौशल्य आपल्याकडे नाही, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडीत ते आहे. तेथील केपीआयटी कमिन्स या कंपनीतील इंजिनिअरांनी रेनेसास या जपानी कंपनीच्या एसएच, एच८, आरएक्स अशा चिपांसाठी जीसीसीवर आधारलेले कंपायलर बांधून वर्षानुवर्षे जगाला मोफत उपलब्ध करून दिले. रेनेसासच्या चिपा मोटारगाड्यांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ या चिपेसाठी जीसीसीत जो विभाग २०१२ साली समाविष्ट झाला, तोही याच कंपनीतील मंडळींचा. त्याआधीपासून मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. धनंजय ढमढेरे यांनी कंपायलर-रचनेचे अध्यापन आणि ग्रंथलेखन केले होते, प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतर्रचनेवर कार्यशाळा घेऊन ते ज्ञान देशभरच्या शिक्षकांपर्यंत नेले.

चिपेसाठी कंपायलर बांधणे घरच्या संगणकासाठी बांधण्यापेक्षा अवघड असते. मोटारीच्या इंजिनात बसणाऱ्या इवल्याशा चिपेवर कंपायलर चालू शकत नाही. तो मोठ्या संगणकावर चालवून चिपेसाठी अंक तयार करावे लागतात. त्याला क्रॉस-कंपायलर म्हणतात. आधी अंक जोडणारी साधने, मग लायब्ररीविना अर्धामुर्धा कंपायलर, त्याने बांधलेली लायब्ररी, आणि शेवटी पुरा कंपायलर असा क्रम लागतो. कंपायलर एका जातीच्या संगणकावर बांधायचा, दुसऱ्या जातीच्या संगणकावर चालवायचा आणि तिसऱ्याच चिपेसाठी अंक काढायचे, अशी तिहेरी व्यवस्थाही असते. तिला 'कॅनेडियन क्रॉस' असे नाव आहे, कारण हे नाव पडले तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय राजकीय पक्ष होते. आपल्या देशातील पक्षांची संख्या पाहता हे नाव भारतीयांनी ठेवले नाही हे बरेच झाले.

तर कौशल्य आहे. प्रश्न ते कोणाच्या कामी येते हा आहे. हिंजवडीचा इंजिनिअर चिपेचा कंपायलर बांधतो, ती चिप असलेली गाडी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या चाकणमध्ये जोडली जाते, आणि जोडणाऱ्या कामगाराला त्या चिपेत काय लिहिले आहे हे कधीही कळत नाही. एकाच्या हातात लॅपटॉप, दुसऱ्याच्या हातात पाना. सकाळी दोघेही वाहतुकीच्या त्याच कोंडीत अडकतात. एवढा शेजार असून त्यांच्यात एकही सामाईक सभा होत नाही.

या अज्ञानाची किंमत किती असू शकते हे २०१५ साली दिसले. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या कंपनीला नोटीस दिली. डिझेल इंजिनाच्या नियंत्रकात अशी आज्ञावली होती की गाडी प्रयोगशाळेत तपासली जात आहे हे ती ओळखे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी. गाडी रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइडवरील लगाम सैल होई. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचण्यांत रस्त्यावरील आणि प्रयोगशाळेतील आकड्यांत तफावत आढळली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये भारतातील ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. त्यांत चाकणला तयार झालेल्या गाड्याही होत्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भारतातील नियमांचा भंग झालेला नाही असे कंपनीचे म्हणणे होते, व मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस मनाई केली. न्यायालयीन बाजू कायदेपंडितांवर सोपवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ही लबाडी कोणा निरीक्षकाने आज्ञावली वाचून पकडली नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीवर मोजणीयंत्र बांधून ती रस्त्यावर फिरवली, तेव्हा आकडे जुळेनात. आज्ञावली बंद पेटीत होती. तिच्यापर्यंत ना कामगार पोहोचू शकत होता, ना गाडीचा मालक.

यावर कोणी म्हणेल की मग कंपन्यांनी सोर्स कोड सरकारजमा करावा, म्हणजे झाले. तसे होत नाही. कागदावर दाखवलेला सोर्स कोड आणि चिपेत बसवलेले अंक एकच आहेत हे कशावरून? तोच सोर्स कोड ठरलेल्या कंपायलरने पुन्हा बांधून, निघालेले अंक चिपेतील अंकांशी ताडल्याखेरीज त्या दाखवण्याला अर्थ नाही. आणि कंपायलरच बनावट असेल तर? युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हाच प्रश्न उभा केला. कंपायलरमध्ये अशी युक्ती लपवता येते की तो विशिष्ट आज्ञावलीत चोरदरवाजा घालतो, आणि स्वतःची नवी आवृत्ती बांधताना तीच युक्ती तिच्यातही उतरवतो; सोर्स कोड धुतल्या तांदळासारखा स्वच्छ दिसत राहतो. म्हणजे आपण वर ज्या तिसऱ्या फेरीचे कौतुक केले, तीही अशा वेळी फसते, कारण एकाच वंशातील तिन्ही कंपायलर एकच खोटे बोलतात. यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडलेला उपाय थोडक्यात असा, की दुसऱ्याच घराण्यातल्या कंपायलरने तोच सोर्स कोड बांधावा आणि फलिते ताडून पाहावीत. गुइक्स या मुक्त प्रकल्पाने तर २०२३ साली ३५७ बाइटांच्या, माणसाला हाताने तपासता येणाऱ्या एका बीजापासून पायरी-पायरीने जीसीसीपर्यंत चढत जाऊन दाखवले. एकाने तपासून भागत नाही. अनेकांनी, निरनिराळ्या ठिकाणी, परस्परांच्या उपकारात नसताना तपासावे लागते. ही गोष्ट मतमोजणीच्या टेबलाशी पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला नवीन वाटू नये.

मुक्त आज्ञावली म्हणजे समाजवाद, असे भाबडे समीकरण मात्र कोणी मांडू नये. जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्या याच आज्ञावल्यांवर उभ्या आहेत. गायरान सर्वांचे असले तरी ज्याची गुरे अधिक त्याला त्याचा लाभ अधिक. म्हणूनच कोणत्या परवान्याखाली सोर्स कोड दिला आहे याला महत्त्व येते. जीसीसीचा परवाना सांगतो की यात भर घालून ती दुसऱ्याला द्याल तर तिचा सोर्स कोडही द्यावा लागेल. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी जीसीसीत केलेली भर स्वतःपाशी ठेवू पाहिली, तेव्हा या अटीमुळे तिला ती खुली करावी लागली. पुढे २००७ मध्ये परवान्याची नवी, अधिक कडक आवृत्ती आली आणि ॲपलने जीसीसीच्या जुन्या आवृत्तीवरच थांबून एलएलव्हीएम या सैल परवान्याच्या कंपायलरला बळ दिले. भांडवलाला कोणती अट बोचते हे त्यावरून समजते.

पिंपरीला या सर्वाचा एक पूर्वज आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले. पेनिसिलिन बनवण्याची कृती कोणा कंपनीचे गुपित म्हणून नव्हे, तर शिकण्याची विद्या म्हणून येथे आली. तिच्याबरोबर संशोधनशाळा उभी राहिली, आणि त्याच शाळेत डॉ. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतील जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. त्या जंतूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे. कृती उघडपणे मिळाली आणि ती स्वतःच्या हाताने करण्याची सोय झाली, तर एका दशकाच्या आत नवे काही निपजते, याचा हा पुरावा. तो कारखाना नंतर कसा आजारी पडला, ती कहाणी स्वतंत्र लेखाची आहे.

आपले काही साथी विचारतील, कंत्राटी कामगाराला आधी कायम नोकरी द्या, वेतनकरार करा. कंपायलरचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. परंतु या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटे गमावलेली माणसे आपल्याला नवी नाहीत. नव्या यंत्रांत सुरक्षेचा सेन्सर असतो, तो केव्हा चालू होता व केव्हा बंद, याची नोंद नियंत्रक ठेवू शकतो. अपघातानंतर ती नोंद वाचण्याचा अधिकार कोणाचा, आणि नियंत्रकातील आज्ञावली कोणाला उघडता येते? भोसरीच्या लहान वर्कशॉपमधला सीएनसी यंत्राचा ऑपरेटर बटणे दाबतो. पासवर्ड मालकाकडेही नसतो, तो यंत्र विकणाऱ्याकडे असतो. बिघाड झाला की लहान मालक आणि कामगार दोघेही सर्व्हिस इंजिनिअरची वाट पाहत बसतात, आणि बंद दिवसांचा भार शेवटी पगारावर येतो. याला पर्याय आहेत. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने मुळात तयार केलेला आणि आज लिनक्स सीएनसी या नावाने मिळणारा नियंत्रक सोर्स कोडवरून कोणालाही बांधता येतो. तो बांधणारा माणूस मात्र जवळपास असावा लागतो.

सरकारी पातळीवर केंद्राने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने शाळांतून ते आधीच अंगीकारले होते. महाराष्ट्रात आपण लाखो मुलांना तयार आज्ञावल्यांत पत्र टंकणे आणि तक्ते भरणे शिकवले, व त्याला संगणक-साक्षरता म्हटले. पिंपरी-चिंचवड महापालिका ही साधनसंपत्तीने देशातील आघाडीच्या पालिकांपैकी एक आहे. तिने सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक आज्ञावलीचा सोर्स कोड ताब्यात घ्यावा, आणि तो पालिकेच्या स्वतःच्या यंत्रावर बांधून दाखवल्याखेरीज अखेरचे देयक देऊ नये, ही अट निविदेत घालणे सर्वस्वी तिच्या हातचे आहे. ही मागणी आपल्या शहर शाखेने येत्या अंदाजपत्रकापूर्वी लेखी द्यावी. वेतनकराराच्या मसुद्यांत अपघातग्रस्त यंत्राच्या नियंत्रकातील नोंदी युनियनला मिळण्याचे कलमही घालता येईल.

त्याहून तातडीचे काम शिक्षणाचे आहे. पालिकेची मोरवाडीला आयटीआय आहे. तेथे रविवारी वर्ग भरवण्याची परवानगी मागावी. न मिळाल्यास युनियनचे कार्यालय आहेच. कचऱ्यात निघालेले दहा-बारा जुने संगणक, काही स्वस्त चिपांचे बोर्ड आणि मराठीत लिहिलेली चाळीस पानांची पुस्तिका एवढे साहित्य पुरेल. पुस्तिका लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाने हाती घेतले आहे. तिचा तांत्रिक भाग मात्र ज्याने हे काम पोटासाठी केले आहे त्याने तपासून द्यावा. पहिल्या तुकडीत निम्मे कामगार असावेत, निम्मे आयटीआयचे विद्यार्थी. पहिल्या रविवारी घरच्या संगणकासाठी कंपायलर बांधावा, नंतरच्या रविवारी चिपेसाठी क्रॉस-कंपायलर, आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे बांधून निघालेले अंक शेजाऱ्याच्या अंकांशी ताडून पाहावेत. हिंजवडी आणि तळवडे येथे नोकरी करणाऱ्या ज्या सहानुभूतीदारांना महिन्यातून दोन रविवार देता येतील, त्यांनी आपली नावे शहर कार्यालयात कळवावीत.